वाचता न येणाऱ्या हातांची पुतळी

आजीच्या पुतळ्यांच्या माळेत एकवीस पुतळ्या होत्या. लग्नकार्यासाठी माळ डब्यातून बाहेर निघाली की मी शेजारी बसून त्या मोजायचो. प्रत्येक पुतळीवर दोन माणसं आणि मधे एक दांडा. ही कोण, असं विचारलं की आजी म्हणायची, "राम आणि सीता." आणि दांडा? "ते धनुष्य." पुढे मला नाण्यांचा नाद लागला, चार पुस्तकं वाचून झाली, आणि एक दिवस मी मोठ्या उत्साहात तिला सांगितलं, "आजी, ही खरं तर नाणी आहेत. परदेशातली." तिने माळ उचलून पेटीत ठेवली. "पुतळ्या आहेत रे त्या. नाणी बाजारात चालतात, या गळ्यात असतात."

त्या वेळी मला वाटलं, तिला कळलं नाही. आज वाटतं, नाण्याच्या प्रतिकृतीबद्दल तिने सांगितलं तेवढं नेमकं मला एकाही पुस्तकात सापडलं नाही.

पुतळी ही मुळात व्हेनिसची डुकाट. १२८४ साली हे सोन्याचं नाणं पाडायचं ठरलं. वजन साडेतीन ग्रॅम, आणि सोनं त्या काळी शुद्ध करता येईल तितकं शुद्ध. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे ते प्रजासत्ताक कोसळलं, तोवर, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं, नाण्यावरचं चित्र बदललं नाही. बदलायचं ते फक्त राज्यप्रमुखाचं, डॉजचं, नाव. तांबड्या समुद्राच्या वाटेने आलेलं हे नाणं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे सराफ डोळे मिटून घेत, कारण त्याचं वजन आणि कस कधी दगा देत नसे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी आहे. तिच्यात होनांच्या नाना प्रकारांबरोबर पुतळ्याही आहेत. म्हणजे तेव्हा त्या बाजारातही चालत होत्या आणि गळ्यातही होत्या.

आजीच्या माळेत एकच डुकाट अस्सल निघाली. तिच्या एका अंगाला संत मार्क उभा आहे, डोक्यामागे प्रभावळ. तो निशाणाचा दांडा पुढे करतो आहे आणि गुडघे टेकलेला डॉज तो स्वीकारतो आहे. दांड्याच्या कडेने वरून खाली तीन लॅटिन अक्षरं, अर्थ 'डॉज'. काठाला त्याचं नाव, 'आलोय मोचेनि'. अलविसे मोचेनिगो नावाचे चार डॉज होऊन गेले. हा चौथा, कारकीर्द १७६३ ते १७७८. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले ते १७७२ मध्ये, म्हणजे दोघे समकालीन. नाण्याच्या मागच्या अंगाला लांबट अंडाकृती चौकटीत ख्रिस्त उभा आहे. उजवा हात आशीर्वादाचा, डाव्या हातात ग्रंथ, भोवती तारे. कडेच्या ओळीचा भावार्थ असा की, ख्रिस्ता, ज्यावर तुझीच सत्ता आहे ते हे राज्य तुला अर्पण असो. बोटाच्या पेराएवढ्या जागेत अख्खी राज्यव्यवस्था मांडली आहे: सत्ता देवाची, ती देतो संत, घेतो डॉज, तेही गुडघ्यावर येऊन.

आता शेजारची पुतळी पाहा. ही इकडच्याच एखाद्या सोनाराने पाडलेली. सोनं पिवळंधमक आहे, पण अक्षरं अक्षरं राहिलेली नाहीत. काठाला उभ्या रेघा, ठिपके, मधेच एखादं कोयतीसारखं वळण. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं आणि येण्याचं कारणही नव्हतं. त्याला एवढं ठाऊक होतं की या जागी काहीतरी 'लिहिलेलं' असतं. म्हणून त्याने लिहिलेपण तेवढं उतरवलं. मला ही गोष्ट फार हलवून जाते. आपण सगळ्यांनीच शाळेत जायच्या आधी पाटीवर अशा रेघा ओढून "मी लिहिलं" असं म्हटलेलं असतं.

आकृतींकडे वळलं की आणखी मजा. गुडघे टेकलेला डॉज इथे उठून उभा राहिला आहे. त्याच्या झग्याच्या चुण्यांचा अर्थ न लागल्याने त्या आडव्या-तिरप्या काड्या झाल्या आणि त्या काड्यांचे पाय. म्हणून दोघे समोरासमोर, सारख्या उंचीचे. देणारा कोण आणि घेणारा कोण हे मिटलं, आणि उरली ती जोडी. ही जोडी पाहून आजीला राम-सीता आठवले, यात तिची चूक कुठे होती? नक्कल करणाऱ्याच्या हातून जे सुटलं, त्याच फटीतून तिचे राम-सीता आत आले. तमिळ मुलुखात याच नाण्याला शाणार काशु म्हणत. शाणार म्हणजे ताडी काढणारे. तिथल्या लोकांना मधला दांडा ताडाचं झाड वाटला आणि शेजारचा माणूस त्यावर चढायला निघालेला. दांड्याच्या कडेची ती तीन अक्षरं नकलेत झाडाच्या पेरांसारखी दिसतात, हे भिंगाखाली पाहिल्यावर ताडाचं झाड मलाही दिसायला लागलं.

मागच्या बाजूचा ख्रिस्त जवळजवळ एक रेघ होऊन गेला आहे. तारे मात्र सोनाराने जपले. एकेक तारा स्वतंत्र टोच्याने मारलेला, थोडा खोल, थोडा उथळ. माणूस विरला आणि आकाश शिल्लक राहिलं, असं दिसतं ते.

नाणेसंग्राहकांच्या बैठकीत अशी पुतळी पुढे केली की दोन तऱ्हा दिसतात. बहुतेकजण ती तळहातावर घेतात, "नकली आहे" म्हणतात आणि परत देतात. किंमत विचारली तर उत्तर सोन्याच्या भावाने. त्यांचं मला पटत नाही, पण कळतं. ज्याने एकदा खोट्या नाण्यापायी पदरचे पैसे घालवले, त्याचा हात पुढे प्रत्येक नकलेवर कडक होतो. दुसरी तऱ्हा थोड्यांची. ते या नकलाच जमवतात, ताऱ्यांची संख्या आणि रेघांची वळणं जुळवून कोणत्या पुतळ्या एकाच ठशातल्या आहेत ते लावत बसतात. मी या दुसऱ्या पंगतीतला.

कारण पुतळी कोणाला फसवत नव्हती. लोकांचा विश्वास त्या चेहऱ्यावर बसला होता, गळ्यात तो चेहरा हवा होता आणि जहाज दरवर्षी पुरेशा डुकाटी आणेलच असं नव्हतं. सोनाराने घरचंच सोनं घेऊन तोच चेहरा पाडून दिला. घेणारी बाई वजन आणि कस पाहून घेत होती. जे दिसत होतं तेच मिळत होतं.

प्रत्येक नक्कल इतकी सरळ नसते. सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआ गावी जोवानी दा काविनो याने जुन्या रोमन नाण्यांच्या घाटाची नाणी कोरली. ती रोमन म्हणूनही खपली, पण आज संग्राहक ती काविनोचीच म्हणून हौसेने घेतात. तो हात इतका चांगला आहे. जर्मनीतला कार्ल बेकर (१७७२ ते १८३०) मात्र फसवण्यासाठीच बसला होता. नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या पेटीत घालून घोडागाडीबरोबर फिरवत असे, असं सांगतात. त्याचं कसब थोर होतं. तरी मला त्याच्याविषयी माया वाटत नाही. ब्रिटिश म्युझियमसाठी एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट रेडीने विजेच्या साहाय्याने तांब्याचे पातळ पापुद्रे चढवून नाण्यांच्या प्रतिकृती केल्या आणि त्यांच्या कडेवर आपली आद्याक्षरं ठोकली. एवढीशी खूण, पण तिने सगळा व्यवहार स्वच्छ होतो. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नाण्याच्या प्रतिकृतीवर 'प्रत' या अर्थाचा शब्द उमटवणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही प्रत्येक प्रतिकृतीवर अशी खूण हवी, असं मला मनापासून वाटतं.

हे वाटण्याचं कारण शिवराई होन. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे सोन्याचं नाणं घरात असावं असं कोणाला वाटत नाही? अस्सल होन अत्यंत दुर्मीळ, म्हणून पितळी, मुलामा दिलेली, चांदीची, हर तऱ्हेची प्रतिकृती मिळते. मुलाच्या हातात ती ठेवून एका अंगावरचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगावरचं 'छत्रपति' वाचायला लावावं, यासारखा चांगला धडा नाही. माझ्या टेबलावरही एक आहे. वाचायला ती सुरेख, कारण तिच्यात सगळं पुरतं आहे: ठिपक्यांचं वर्तुळ पूर्ण, वेलांटी पूर्ण. हातोड्याने ठोकलेल्या नाण्यात असं सहसा होत नाही. तांब्याच्या शिवराया पाहा. ठसा मोठा, चकती लहान, घाव तिरका, म्हणून कुठे 'श्री' अर्धी, कुठे वर्तुळाचे चारच ठिपके. तोलूनही फरक कळतो. अस्सल होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि त्याच मापाचा पितळी तुकडा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, कारण सोनं पितळेच्या दुपटीहून जड. हे ज्याला माहीत नाही, त्याला तीच प्रतिकृती माती लावून 'शेतात सापडली' म्हणून विकली जाते. ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून खपणारी राम-सीतेची तांब्याची नाणी तर कशाची प्रतिकृतीही नाहीत. कंपनीने ती कधी पाडलीच नव्हती. अशा तुकड्यापायी कोणी आयुष्याची पुंजी घालवायला निघालेला दिसला की मला संताप येतो.

आजी गेल्यावर माळ आत्याकडे आली. रेशीम कुजलं होतं, म्हणून मागच्या दिवाळीआधी ती गाठवून घ्यायचं ठरलं. सोनाराने चांगल्या मनाने सुचवलं की सहा-सात पुतळ्या फार झिजल्या आहेत. त्या आटवून तेवढ्याच सोन्यात लक्ष्मीच्या ठशाच्या नव्या देतो, एकसारख्या दिसतील. आत्याने मला फोन केला. मी म्हटलं, "आत्या, आटवू नका. उजाळाही देऊ नका."

पटवेकऱ्याने माळ नव्या तांबड्या रेशमात गाठवून दिली. मधोमध कोणती घ्यायची, असं त्याने विचारलं तेव्हा मी अस्सल डुकाटीकडे बोट केलं. आत्याने ती बाजूला सारली आणि तिथे ती रेघांच्या अक्षरांची, दोघे उभे असलेली पुतळी ठेवली. म्हणाली, "मधे राम-सीताच असायचे."