उंबरखिंडीचा प्रसंग व रायबागनचें भाषण

शके १५८२ च्या माघांत, म्हणजे २ फेब्रुवारी १६६१ च्या सुमारास, शिवाजीमहाराजांनीं उंबरखिंडींत कारतलबखानास कोंडून त्याची फौज जेर केली, ही गोष्ट कोणी नाकारीत नाहीं. वाद आहे तो तपशिलाचा. त्या तपशिलांत माहूरच्या रायबागनचें नांव गुंतलेलें असल्यामुळें आमच्या हिंगोली-माहूर टापूंत तो विशेष आवेशानें घातला जातो. या बाईविषयीं हल्लीं जें लिहिलें व सांगितलें जातें तें मूळ साधनाशीं ताडून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सविस्तर साधन एकच. तें कवींद्र परमानंदाचें शिवभारत. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं तें प्रसिद्ध केलें. शकावल्यांसारख्या साधनांतून मिती हातीं लागते, वर्णन लागत नाहीं. तेव्हां आज ज्या ज्या कोणी उंबरखिंडीचें रसभरित वर्णन केलें आहे, त्यानें तें प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष परमानंदापासूनच घेतलें आहे. दहा पुस्तकांत एकच गोष्ट आढळली म्हणून दहा साक्षी झाल्या असें मोजणारांनीं हें ध्यानीं ठेवावें.

परमानंद सांगतो तें थोडक्यांत असें. चाकण घेऊन पुण्यास राहिलेल्या शाएस्तेखानानें कारतलबास कोंकणांत उतरण्यास पाठविलें. सोबत कच्छप, चव्हाण, अमरसिंह, मित्रसेन, गाढे, कोकाटे, जाधव इत्यादि सरदार आणि रायबागन. लोहगडाच्या दक्षिणेकडून हें सैन्य सह्याद्रि उतरून निबिड अरण्यांतील अरुंद वाटेस लागलें, आणि दोहों अंगांस दबा धरून बसलेल्या मावळ्यांच्या माऱ्यांत सांपडलें. खान गोंधळला असतां रायबागननें त्यास शिवाजीच्या मुलुखांतील रानांत शिरल्याबद्दल दोष दिला आणि शरण जाऊन प्राण वांचविण्याचा सल्ला दिला. खानानें दूत पाठविला, महाराजांनीं अभय दिलें, द्रव्य ठेवून खान परत गेला.

आतां लोककथनांत काय भर पडली आहे ती पाहा. रायबागन स्वतः महाराजांपुढें गेली, असें कित्येक सांगतात. ग्रंथांत दूत जातो, बाई नव्हे. खानाची फौज कोठें वीस, कोठें तीस हजार लिहिली जाते. चावणीजवळची ती वाट ज्यानें पायानें तुडविली आहे, त्यास एवढी फौज, तिचीं जनावरें व बाजारबुणगे एका दिवसांत त्या नळींत मावतील असें म्हणवणार नाहीं. मोगलांचें कोंकण कायमचें सुटलें, हें तर सरळच चुकीचें; १६६१ च्याच मे महिन्यांत कल्याण त्यांच्या हातीं गेलें. विजय मोठा होता, परंतु मोहीम त्यानें संपली नाहीं.

खरा प्रश्न भाषणाचा आहे. अनुष्टुभांत गुंफलेलें तें भाषण रायबागनच्या तोंडचे शब्द होत, असें मानणें म्हणजे रघुवंशांतील सिंह-दिलीपसंवाद कोणीं टिपून घेतला असें विचारण्यासारखें आहे. नायकाची थोरवी शत्रुपक्षाच्या मुखें वदविणें हा काव्याचा परिचित मार्ग. म्हणून शब्द कवीचे, हें निःसंशय. परंतु म्हणून सल्लाही कवीनें कल्पिला, असें कांहीं चिकित्सक म्हणतात तेंही आम्हांस मान्य नाहीं. केवळ कल्पनाच करावयाची तर अमरसिंह वा मित्रसेन चालला असता. स्त्रीच्या मुखीं ही वाणी घालण्याचें काव्यास कांहींच कारण नव्हतें. शिवाय ग्रंथ रचिला गेला तो महाराजांच्या पदरीं, त्या खिंडींत लढलेले लोक हयात असतां. तेव्हां बाई तेथें होती व तिनें माघारीचा पक्ष घेतला, एवढें आम्ही ग्राह्य धरतों.

याच सल्ल्यावरून तिच्या मनांत स्वराज्याविषयीं ओढा होता, असा निष्कर्ष आमच्याकडील कांहीं अभिमानी मंडळी काढतात. तो आम्हांस सर्वथा अमान्य आहे. राजा उदारामाची ही विधवा माहूरची देशमुखी मोगलांच्या बाजूनें सांभाळून होती. वाट बुजली, पाणी नाहीं, सैन्य मरणार, हें पाहून सेनापतीस वेळीं सावध करणें ही तिची स्वामिनिष्ठाच होय. तीस फितुरीचें श्रेय देऊन आपण तिचा गौरव करीत नसून तिच्या शहाणपणाचा अपलापच करितों.

आयर्लंडांत किलमायकल येथें २८ नोव्हेंबर १९२० रोजीं असाच छापा पडला. तेथेंही तंटा शरणागतीचाच: ब्रिटिशांच्या लोकांनीं शरण आल्याचा बहाणा करून पुन्हां गोळ्या झाडल्या, असें तुकडीचा नायक टॉम बॅरी यानें १९४९ च्या पुस्तकांत लिहिलें, १९९८ सालीं पीटर हार्ट यानें तें खोटें ठरविलें, आणि त्यावरून तेथील विद्वानांत जुंपली. तेथें निदान दोन्हीं पक्षांचे कागद होते. आपल्या वादांत पराभूत पक्षाची बाजू आपणांस जेत्याच्या कवीनेंच सांगितली आहे.

म्हणून दप्तरें बाळगणाऱ्या मंडळींस एकच विनंति. माहूर, वाशीम, हिंगोली या बाजूस देशमुखी घराण्यांच्या जुन्या रुमालांत फारसी कागद असल्यास केवळ वाचतां येत नाहीं म्हणून ते बाजूस टाकूं नयेत. हिजरी सन १०७१, विशेषतः जमादिलाखर व त्यापुढील महिने, किंवा मराठी कागदांत सुहूर सन इहिदे सितैन व अलफ असेल, तर त्याची नक्कल शिक्क्यासह करावी व कागद दुमडलेल्या घडीवर उलगडतांना फाटूं देऊं नये.