‘माझ्याकडे आहे’ आणि ‘स्टीमवर आहे’: एका खरेदीचे अर्थविवेचन

संगणकावरील खेळांची खरेदी-विक्री हा भाषाभ्यासाचा विषय होऊ शकेल, असे मला काही वर्षांपूर्वी वाटले नसते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथून आमच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातील एका लकबीने माझे लक्ष तिकडे वेधले. विकत घेतलेल्या एका खेळाविषयी एक विद्यार्थी म्हणाला, ‘तो स्टीमवर आहे’. दुसऱ्याविषयी तोच म्हणाला, ‘तो माझ्याकडे आहे’. पैसे त्याने दोन्ही खेळांचे मोजले होते. हा भेद केवळ बोलण्यातील सैलपणा नव्हे, असे माझे मत आहे.

स्वामित्व दर्शविणारे स्वतंत्र क्रियापद मराठीत नाही. ते काम आपण ‘असणे’ ह्या क्रियापदाला निरनिराळे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून भागवितो. ‘मला दोन भाऊ आहेत’ येथील संबंध तोडता न येणारा आहे. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ येथील पुस्तक देता येते, हरवते, चोरीसही जाते. पण ह्या घटकेला ते माझ्या ताब्यात आहे. उल्हासनगरच्या सिंधी घरांत हाच अर्थ ‘मूं वटि आहे’ असा व्यक्त होतो. त्यातील क्रियापदही आपलेच वाटावे असे आहे. ‘वर’ हे अव्यय मात्र वस्तूचे स्थान सांगते, ताबा सांगत नाही. फळीवर आहे, माळ्यावर आहे, तसेच स्टीमवर आहे. माळा कोणाचा, हा प्रश्न तेथे शिल्लक राहतो.

हा प्रश्न ज्यांना छळतो ते काही खेळाडू मोठ्या ऑनलाइन दुकानांपासून दूर राहतात. स्टीम 2003 साली सुरू झाले. 2004 मध्ये ‘हाफ-लाइफ 2’ हा खेळ डिस्कवर विकत घेणाऱ्यालाही ती डिस्क स्टीमच्या खात्याशी जोडल्यावाचून खेळता येत नव्हता. वस्तू हातात, पण ताबा दुसरीकडे, अशी ही स्थिती. डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, म्हणजे डीआरएम, हे अशा बंधनांचे सामान्य नाव होय. हे कुलूप आपल्याच घरात असते. किल्ली बहुधा दूरच्या सर्व्हरवर असते. पावसाळ्यात ज्या वस्तीत वीज व इंटरनेट दोन्ही बेभरवशाची होतात, तेथील मुलाला हे रूपक समजावून सांगावे लागत नाही.

अशा नकाराला चोरीची पळवाट म्हणण्याची चाल आहे. नकली मालाविषयीच्या थट्टेने उल्हासनगर आधीच बदनाम असल्याने तेथील मुलावर हा आरोप सहज चिकटतो. परंतु मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते पैसे मोजणारे ग्राहक आहेत. 2008 मध्ये सुरू झालेल्या जीओजी ह्या पोलिश दुकानातून ते कुलूप नसलेला खेळ घेतात आणि त्याची स्थापक-फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवतात. यूबीसॉफ्टचा 2014 चा ‘द क्रू’ हा खेळ 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद होताच निरुपयोगी झाला. एकट्याने खेळण्याचा भागही त्यातून सुटला नाही. त्यानंतर ह्या सावधपणाला खुळेपणा म्हणणे कठीण आहे.

खरी अडचण ‘विकत घेणे’ ह्या शब्दप्रयोगाची आहे. शिलाहारांच्या दानलेखांतील ‘आचंद्रार्क’ म्हणजे चंद्रसूर्य असेतो. खरेदीखत आणि भाडेपट्टा हे दोन दस्त आपला अशिक्षित शेतकरीही वेगळे ओळखत आला. ऑनलाइन दुकानाने भाडेपट्ट्याच्या अटींवर खरेदीखताचे क्रियापद चढविले. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्याने नेमक्या ह्या क्रियापदालाच हात घातला: मिळतो तो केवळ परवाना आहे, हे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ म्हणता येणार नाही. कायमची उतरवून घेता येणारी, विक्रेत्याला परत हिरावता न येणारी वस्तू मात्र त्या नियमातून वगळली आहे. स्टीमने 2024 च्या ऑक्टोबरातच तशी सूचना दाखविण्यास आरंभ केला. शब्दार्थाचा वाद विधिमंडळाने सोडवावा, हे आम्हा भाषाभ्यासकांना थोडे लाजविणारेच आहे.

तथापि ह्या खेळाडूंच्या भूमिकेतही एक गफलत आहे. जीओजीदेखील करारात परवानाच देते. तेथे घेतलेला खेळ दुसऱ्यास विकण्याची मुभा नाही. उलट स्टीमवरील काही खेळ एकदा उतरविल्यावर स्टीमवाचून चालतात. तेव्हा आक्षेप दुकानावर नसून कुलुपावर असावयास हवा. आमचे विद्यार्थी पुष्कळदा ह्या दोहोंची सरमिसळ करतात, आणि मोठ्या दुकानाविषयीच्या रागाला तत्त्वाचे नाव देतात.

त्यांच्या बोलीत अलीकडे आणखी एक प्रयोग ऐकू येतो: ‘सवलतीत होता, म्हणून स्टीमवर घेऊन ठेवला.’ ‘ठेवणे’ हे सहायक क्रियापद पुढील उपयोगासाठी केलेली तजवीज सुचविते. आई डाळ घेऊन ठेवते, तेव्हा डबा तिचाच असतो. येथे ठेवणारा विद्यार्थी असून डबा परक्याचा आहे, आणि वाक्य ऐकताना कोणालाही ते खटकत नाही.