समानुभूतीची मापनी आणि ‘इतर’ माणसे : इंदूरच्या राजवाड्याच्या संदर्भात

प्रौढांमधील समानुभूती मोजण्यासाठी मार्क डेव्हिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये मांडलेली मापनी संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यात २८ विधाने आहेत. दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेणे, कल्पित पात्रांशी समरस होणे, दुसऱ्याविषयी कळकळ वाटणे आणि दुसऱ्याचे संकट पाहून स्वतः अस्वस्थ होणे या चार घटकांवर ती प्रत्येकी सात अशी विभागली आहेत. समानुभूती एकजिनसी नाही, हे दाखवून देणे हे या रचनेचे महत्त्वाचे योगदान होय. चारही घटकांची बेरीज करून एकच गुण काढल्यास मात्र ते वाया जाते. कारण संकट पाहून स्वतःच गांगरणारा माणूस मदतीला धावेलच असे नाही.

ही मापनी मराठीत आणताना प्रश्न केवळ भाषांतराचा राहत नाही. ‘सहानुभूती’ या शब्दाला दयेची छटा आहे. उर्दूतील ‘हमदर्दी’ दुःखाची सोबत करते, पण दुसऱ्याचा आनंद तिच्या कक्षेत येत नाही. राजवाड्याच्या परिसरात तर घरी मराठी आणि बाजारात हिंदी किंवा माळवी बोलणारा माणूस एकच असतो. कादंबरी-चित्रपटांतील पात्रांविषयीची विधानेही येथे अडतात. याच परिसरातील इमामबाड्यात होळकरांच्या काळापासून सरकारी ताजियाची परंपरा आहे. करबलाचा प्रसंग ऐकून रडणारा किंवा कीर्तनातील आख्यानाने गहिवरणारा श्रोता निश्चितच समरस होतो. परंतु त्याच्या लेखी ती पात्रे कल्पित नसतात. म्हणून स्थानिक मुलाखतींतून नवी विधाने तयार करून त्यांचे घटक विश्लेषण पुन्हा करणे आवश्यक ठरते.

याहून गंभीर मुद्दा सप्रमाणतेचा आहे. क्रॉनबाखचा अल्फा गुणांक उच्च आला, तर विधाने परस्परांशी सुसंगत आहेत एवढेच कळते. ती समानुभूतीच मोजतात हे सिद्ध होत नाही. विधानांतील ‘इतर’ म्हणजे नेमके कोण, हे मापनी विचारत नाही. उत्तरदात्याच्या डोळ्यांसमोर बहुधा आपलीच माणसे येतात. १९८४ च्या शीखविरोधी दंगलींच्या काळात हाच राजवाडा आगीत सापडला. आपल्या गल्लीत कनवाळू म्हणून ओळखला जाणारा माणूस अशा वेळी शेजारच्या गल्लीसाठी दार उघडतो की लावून घेतो, याचे उत्तर केवळ स्वनिवेदनातून मिळत नाही.

यावर एक उपाय संभवतो. तेच विधान एकदा आपल्या समाजातील आणि एकदा परक्या समाजातील व्यक्तीसंबंधी विचारावे, दोन्ही गुणांतील अंतर स्वतंत्रपणे नोंदवावे आणि त्याची प्रत्यक्ष मदतीच्या वर्तनाशी तुलना करावी. नमुन्यात सर्व समाजांचे प्रौढ असावेत. केवळ महाविद्यालयीन विद्यार्थी पुरेसे नाहीत. समानुभूती किती आहे, याबरोबरच ती कोणापर्यंत पोहोचते हे मोजल्याखेरीज मापनीचे प्रमाणीकरण पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.