मॉडेलमध्ये कोण बोलतं, कोण गप्प असतं

विद्यार्थ्यांचा बौद्धिक विकास, डिझाइनचं शिक्षण आणि वित्तीय जोखमीचं गणित हे तीन विषय ग्रंथालयात वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. त्यांचे अभ्यासक एकमेकांच्या परिषदांना जात नाहीत. तरी तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: पुढे काय होणार हे माहीत नसताना माणसानं निर्णय कसा घ्यायचा? या लेखात तिन्ही क्षेत्रांतला एकेक पायाभूत मजकूर वाचायचा आहे. विल्यम पेरीचं महाविद्यालयीन मुलांच्या बौद्धिक आणि नैतिक विकासावरचं १९७० सालचं पुस्तक, डोनाल्ड शोनचं १९८३ सालचं 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' आणि कर्जबुडीच्या सहसंबंधावरचा डेव्हिड ली यांचा २००० सालचा शोधनिबंध. हे लिखाण शास्त्रीय आहे, पण कथा-कादंबरीला विचारतो तेच प्रश्न त्याला विचारता येतात. रूपक कोणतं आहे? निवेदक कोण आहे? आणि कोणत्या पात्राला संवादच दिलेले नाहीत?

पेरी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांचा समुपदेशक होता. १९५० आणि ६०च्या दशकांत तो आणि त्याचे सहकारी दर शैक्षणिक वर्षाच्या शेवटी मुलांना बोलावत आणि या वर्षात तुला ठळकपणे काय जाणवलं, एवढंच मोघम विचारून ऐकत बसत. या मुलाखतींतून नऊ स्थानांचा आराखडा निघाला. आपल्या वर्गांच्या भाषेत तो असा सांगता येईल: "सर, परीक्षेत नेमकं कोणतं उत्तर लिहायचं?" इथून मूल निघतं. मग "ज्याचं त्याचं मत" या मुक्कामी येतं. तिथून, नशीब असेल तर, "पण हे मत कोणत्या पुराव्यावर?" इथे पोचतं. आणि शेवटी, "सगळी बाजू मला दिसत नाही, तरी मी ही भूमिका घेतो आणि तिची जबाबदारी माझी," असं म्हणू शकतं.

पुस्तकाची खरी ताकद या चढणीत नाही. पेरीनं 'पायरी' न म्हणता 'स्थान' हा शब्द निवडला, आणि मुलं रेंगाळतात, पळवाट काढतात, घाबरून मागेही फिरतात, यासाठी स्वतंत्र जागा ठेवली. जुनी खात्री सोडताना होणाऱ्या दुःखाचीही तो नोंद घेतो. पुढे या आराखड्याच्या प्रश्नावल्या झाल्या, मुलांना अमुक-दशांश-तमुक असे गुण मिळू लागले, आणि हे दुःख गळून पडलं. आकड्यात ते बसण्यासारखं नव्हतंच.

पेरीच्या पुस्तकातही एक मोठी शांतता आहे. रॅडक्लिफच्या काही मुली मुलाखतींत होत्या, पण आराखडा उभा आहे तो हार्वर्डच्या मुलग्यांच्या बोलण्यावर. १९८६ साली मेरी बेलेन्की आणि तिच्या तीन सहकारी स्त्रियांनी १३५ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेलं पुस्तक काढलं. त्यात महाविद्यालयांतल्या विद्यार्थिनी होत्या, तशा कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थांत येणाऱ्या आयाही होत्या. त्यांच्या मांडणीतलं पहिलंच स्थान आहे 'मौन': आपल्याला काही कळू शकतं, आपण काही बोलू शकतो, यावरच विश्वास नसणं. पेरीला हे स्थान सापडलं नाही, कारण त्याच्या खोलीत आलेल्या प्रत्येकाला आपलं ऐकून घेतलं जाईल याची सवय होती. हा शोध माझ्या मते पेरीच्या नऊ स्थानांइतकाच महत्त्वाचा आहे. आराखड्यात एखादी गोष्ट नसते तेव्हा ती जगात नसते असं नाही. कधी कधी ती फक्त मुलाखतीला बोलावलेली नसते.

हे लक्षात ठेवून शोनकडे वळलं तर त्याच्या पुस्तकातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण वेगळं दिसायला लागतं. वास्तुकलेचा स्टुडिओ आहे. पेट्रा नावाची विद्यार्थिनी प्राथमिक शाळेचा आराखडा करते आहे आणि अडली आहे. इमारत जमिनीच्या उतारावर बसत नाही. क्विस्ट नावाचा शिक्षक तिच्या रेखाटनांवर पारदर्शक कागद ठेवतो आणि चित्र काढता काढता बोलू लागतो. आधी एक शिस्त लाद, ती मनमानी असली तरी चालेल, नंतर मोडता येईल, अशा अर्थाचं तो सांगतो. वर्गखोल्या उताराशी जुळवतो. पेट्रानं किरकोळ समजलेली गॅलरी त्याच्या हातून सगळ्या योजनेचा कणा होते. शोन याला परिस्थितीशी चाललेला संवाद म्हणतो: रेघ मारायची, ती रेघ काय उलट बोलते ते ऐकायचं, मग पुढची मारायची. नियम आधी आणि वापर नंतर अशी ज्ञानाची जी कल्पना विद्यापीठांनी जपली होती, तिला हा फार सुंदर प्रतिवाद आहे. डिझाइन शिकवणाऱ्यांना तो आपला वाटला यात नवल नाही. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेलं औद्योगिक डिझाइन केंद्र असो की अहमदाबादची १९६१ सालची राष्ट्रीय डिझाइन संस्था, 'करून बघत शिकणं' हाच या शिक्षणाचा गाभा मानला गेला.

पण संवाद कोणाचा चालला आहे? क्विस्टचा, जमिनीशी. पेट्रा सुरुवातीला आपली अडचण सांगते, मग अधूनमधून होकार भरते. तुला ही गॅलरी का किरकोळ वाटली, असं तिला कोणी विचारत नाही. क्विस्ट स्वतःच्या शिकवण्याकडे फारसं वळून बघत नाही, हे शोनही मान्य करतो, पण त्या कबुलीवर तो थांबत नाही. उस्तादाची तान ऐकण्यात तोही रमला आहे. ज्युरीसमोर उभं राहिलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल: आपल्या चित्रावर दुसऱ्याची पेन्सिल चालते, काम सुधारतं, आणि ते आपलं राहतं की नाही हे कळत नाही. पेट्रा पेरीच्या कोणत्या स्थानावर होती हे आपल्याला कधीच समजणार नाही. बेलेन्कीच्या पहिल्या स्थानावर असण्याची शक्यता मात्र नाकारता येत नाही.

तिसरा मजकूर सूत्रांचा आहे, तरी रूपकाच्या बाबतीत तोच सर्वांत धीट. ली यांचं शिक्षण विमागणितातलं. त्यांनी कर्जदार कंपनीला माणसासारखं आयुष्य दिलं आणि कर्जबुडीला मृत्यू मानलं. 'ही कंपनी बुडेल का' याऐवजी 'ती अजून किती काळ जगेल' असं विचारलं की विमा कंपन्यांची सगळी जुनी यंत्रणा हाताशी येते. आयुष्यमानाच्या तक्त्याच्या जागी बाजारातल्या रोख्यांच्या किमतींवरून काढलेली वक्ररेषा येते. दोन कंपन्या एकत्र बुडण्याची शक्यताही विम्यातूनच आली. जोडीदार गेला की मागे राहिलेल्या माणसाच्या मृत्यूची शक्यता वाढते, हे विमागणितज्ञ आधीपासून मोजत होते. ते गणित ज्या साधनानं मांडता येतं, त्याला कोप्युला म्हणतात.

रूपक म्हणून हे थक्क करणारं आहे, आणि ते कुठे फाटतं हेही रूपक म्हणूनच दिसतं. शोकाला कारण असतं, दिशा असते. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. सूत्रात उरतो एक सममित आकडा. शिवाय ली यांनी वापरलेल्या गाउसीय कोप्युलाचा गुणधर्म असा, की संकट जितकं टोकाचं, तितकी दोघांनी एकत्र कोसळण्याची शक्यता तो कमी धरतो. प्रत्यक्षात बरोबर उलट घडतं. एकाच तालुक्यातल्या शंभर शेतकऱ्यांना दिलेली कर्जं ही शंभर वेगळी कर्जं नसतात, कारण पाऊस एकच असतो. अमेरिकेत घरांच्या किमती पडल्या तेव्हा गहाण कर्जांचं हेच झालं. वरची पतमानांकनं मिळवलेल्या रोख्यांखाली हजारो कुटुंबं होती, आणि ती एकाच पावसावर अवलंबून होती.

२००८नंतर 'वॉल स्ट्रीटचा घास घेणारं सूत्र' म्हणून या निबंधाची बदनामी झाली, ती मला अन्यायाची वाटते. या सूत्राचं मर्म फार थोड्यांना कळलं आहे, असं खुद्द ली २००५मध्येच म्हणाले होते. समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅकेन्झी आणि टेलर स्पिअर्स यांनी २०१४ साली दाखवलं की बँकांतल्या गणितज्ञांना सूत्राचे दोष चांगले ठाऊक होते. तरी ते टिकलं, कारण ती सगळ्यांची समान बोली झाली होती. तिच्यात भाव सांगता येत होते, हिशेब लिहिता येत होते, नफा दाखवता येत होता. म्हणजे अज्ञान हे कारण नव्हतं. माहीत असलेली शंका आकड्याबरोबर पुढच्या टेबलापर्यंत गेली नाही. आणि कर्जदार कुटुंबं? त्यांच्यासाठी या बोलीत शब्दच नव्हता.

आता या तिसऱ्या बोलीचा प्रवास पहिल्या दोन क्षेत्रांकडे सुरू झाला आहे, म्हणून हे वाचन निव्वळ हौसेचं राहत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं 'कोर्स सिग्नल्स' नावाची यंत्रणा आणली. गुण, संगणकावरची हालचाल आणि पूर्वेतिहास यांवरून प्रत्येक विद्यार्थ्याला लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा मिळे. असे दोन किंवा अधिक कोर्स केलेली मुलं विद्यापीठात जास्त टिकतात, असा दावा झाला. २०१३ साली टीकाकारांनी विचारलं, की जास्त टिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला असे कोर्स आपोआपच जास्त येणार नाहीत का? दहा वर्षं नोकरी केलेल्याला दहा दिवाळी बोनस मिळतात, म्हणून बोनसमुळे तो दहा वर्षं टिकला असं ठरत नाही.

२०२० साली इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्यावर सूत्रानं निकाल लावले. शाळेचा मागचा इतिहास त्यात जमेला धरला होता. जवळजवळ ४० टक्के निकाल शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आले. अगदी लहान तुकड्यांना मात्र शिक्षकांचे अंदाजच लागू झाले, आणि त्याचा फायदा खाजगी शाळांना अधिक झाला. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सूत्र मागे घेतलं गेलं. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात बारावीला दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांचं ३०:३०:४० असं सूत्र लागलं. त्यावरही आक्षेप घेता येतील, पण आकडे निदान त्या मुलाचे स्वतःचे होते. इंग्लंडमध्ये हुशार मुलगी कमकुवत शाळेत शिकत होती, म्हणजे रोख्यांच्या गाठोड्यातलं एक कर्ज होती.

'जोखमीतला विद्यार्थी' हा शब्दप्रयोग आपल्याकडेही रुळतो आहे. लाल दिवा कोणाला तरी वेळेवर सावध करत असेल, तर तो लावू नये असं मी म्हणणार नाही. पण जोखीम नेमकी कोणाची? मूल गळालं तर संस्थेचा आकडा पडतो, ही संस्थेची जोखीम झाली. मुलाची जोखीम वेगळी असते, आणि कधी कधी ती घेणं हेच शिकणं असतं. पेरीच्या मुलानं जुनी खात्री सोडली त्या वर्षी त्याचे गुण घसरले असतील, तर डॅशबोर्डवर ती घसरण तेवढी दिसेल. पेट्रा अडली होती, म्हणून तिच्याही नावापुढे पिवळा दिवा लागला असता.

तिन्ही मजकुरांना आपापली आंधळी जागा आहे, पण पहिल्या दोघांत ती शोधायला वाट आहे. पेरीत उतारे आहेत, शोनमध्ये संभाषण छापलेलं आहे. कोण बोललं आणि कोण नाही, हे पानावर बघता येतं. बेलेन्कीला पेरीशी भांडता आलं ते त्यामुळेच. आकडा मात्र आपल्या गप्प माणसांचा माग पुसून पुढे जातो. विद्यार्थ्यांबद्दलचं कोणतंही मॉडेल आपल्यासमोर आलं, तर त्याची अचूकता विचारण्याआधी हे विचारावं: यात कोणाला बोलावलं नव्हतं, आणि ते कुठे लिहून ठेवलं आहे? उत्तर 'कुठेच नाही' असं आलं, तर अचूकतेचा आकडा कितीही मोठा असो, त्यावर एखाद्या मुलीचं वर्ष पणाला लावू नये.