जे उरलं, तेवढंच घडलं का?

आज एका फोटोतल्या इमारतीवर बोलू. इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये, शेल्डन गावाजवळ, मॅगपाय नावाची शिशाची जुनी खाण आहे. माळावर छप्पर नसलेलं दगडी इंजिनघर आणि बाजूला गोल धुराडं. बघताक्षणी डोक्यात गोष्ट तयार होते: खाणीत पाणी भरलं, वाफेचं इंजिन आलं, पाणी हटलं. माझा आक्षेप या गोष्टीवर आहे.

आधी इंजिनाचं श्रेय इंजिनाला देऊ. 1870 च्या आसपास इथे 70 इंची सिलिंडरचं कॉर्निश इंजिन बसलं. वाफेच्या जोरावर दट्ट्या खाली जायचा, तेव्हा अवजड तुळईचं दुसरं टोक वर जाऊन शाफ्टमधले पंपाचे लांबलचक दांडे उचलायचं. मग ते दांडे स्वतःच्या वजनानेच खाली यायचे आणि पाणी वर रेटायचे. ही सगळी तुळई पेलायला इंजिनघराची एक भिंत मुद्दाम जाडजूड बांधत. इंजिन आज तिथे नाही, भिंत आहे. जाड होती म्हणून टिकली.

आता जे फोटोत येत नाही ते बघा. इंजिन बसल्यावर थोड्याच वर्षांत, 1873 ला, याच खाणीसाठी डोंगराच्या पोटातून पाण्याचा बोगदा खोदायला घेतला. तिकडे त्याला ‘सफ’ म्हणतात. तो पूर्ण व्हायला 1881 उजाडलं. दोन किलोमीटरहून लांब, आणि मुख्य शाफ्टला सुमारे 175 मीटर खोलीवर मिळणारा. तिथपर्यंतचं पाणी आपोआप वाय नदीत जाऊ लागलं. ना कोळसा, ना पंप. इंजिनाने प्रश्न कायमचा सोडवला असता, तर एवढा खर्च कोणी कशाला केला असता?

आणि हे काही नवीन नव्हतं. याच भागातला हिलकार सफ 1766 ला सुरू झाला आणि दोन दशकं खोदला गेला. सात किलोमीटरच्या आसपास लांबी! पण बोगद्याच्या तोंडाचा फोटो कोण काढतं?

जॉन टेलर या खाणतज्ज्ञाने 1839 नंतर मॅगपायला कॉर्निश पद्धत आणली. त्याच काळात जवळच्या ॲलपोर्टच्या खाणीही त्याच्याकडे होत्या. तिथे मात्र पाण्याच्या दाबावर चालणारी इंजिनं वापरली गेली. कारण सरळ आहे: ॲलपोर्ट दोन नद्यांच्या संगमावर, म्हणजे दाबासाठी पाणी हाताशी, आणि वापरलेलं पाणी सोडायला खाली हिलकार सफ. मॅगपाय चुनखडीच्या उंच माळावर. वर वाहतं पाणी नाही, म्हणून वाफ. म्हणजे ‘जुनं तंत्र गेलं, नवं आलं’ असा हिशेब नव्हताच. जागा बघून निवड होत होती.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण हीच चूक मी केली. भूजलावरच्या माझ्या पहिल्या मसुद्यात पाण्याची पातळी ‘बऱ्यापैकी स्थिर’ दिसत होती. गाईडनी एकच विचारलं, “आटलेल्या विहिरी कुठायत?” मी फक्त सलग नोंदी असलेल्या विहिरी घेतल्या होत्या. आटलेल्या विहिरीची नोंद कोण ठेवणार? दोन महिन्यांचं काम पुन्हा केलं. आकडे बरोबर होते, माझी निवड चुकली होती.

इंजिनघर खोटं बोलत नाही. आपण त्याला फक्त स्वतःपुरतं विचारत नाही, सगळ्या खाणीची साक्ष त्याच्याकडून काढतो. म्हणून सिनॉप्सिस लिहिताना ‘माझा डेटा’ या मथळ्याखाली दोन ओळी जास्त लिहा: हा डेटा कशामुळे टिकला, आणि ज्याने टिकायला हवं होतं पण टिकलं नाही, ते काय असेल? व्हायव्हात हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्याआधी तुम्हीच विचारलेला बरा.