सेरीन ७९ ची पट्टी नेमकी कोणाची?

सिनियरने वापरली, पेपरात दिसली, म्हणून आपणही वापरतो, अशा अँटिबॉड्या प्रत्येक लॅबच्या फ्रीजमध्ये असतात. फॉस्फो-एसीसी (सेरीन ७९) ही त्यातलीच. पेशींना मेटफॉर्मिन द्या, वेस्टर्न ब्लॉट करा, पट्टी गडद झाली की लिहून मोकळे: ‘एएमपीके सक्रिय झालं, एसीसी बंद पडलं, मेदनिर्मिती थांबली.’ पहिल्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. शेवटच्याबद्दल आहे.

माणसात एसीसी दोन आहेत. एसीसी-१ (सुमारे २६५ किलोडाल्टन) पेशीद्रवात असतं. त्याने बनवलेलं मॅलोनिल-कोए मेदाम्लं तयार करायला जातं. एसीसी-२ (साधारण २८०) मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलावर बसतं आणि त्याचं मॅलोनिल-कोए सीपीटी-१ ला अडवतं, म्हणजे मेद जाळण्याची वाट रोखतं. कामं वेगळी, पण फॉस्फेट लागतो त्या जागेभोवतीचा क्रम इतका सारखा, की ही अँटिबॉडी दोघांनाही धरते. आणि गंमत म्हणजे ७९ हा आकडा रॅटमधला! मानवी एसीसी-१ मध्ये ती जागा ८०, एसीसी-२ मध्ये २२२.

१० टक्के जेलवर दोघं वरच अडकून एकच जाड पट्टी दिसते. तुम्ही स्नायूवर काम करत असाल, तर ती बहुतांशी एसीसी-२ ची असणार, आणि तुम्ही निष्कर्ष लिहिताय एसीसी-१ चा. ३ ते ८ टक्क्यांचं ट्रिस-ॲसिटेट जेल घ्या, सावकाश चालवा.

आता माझी फजिती. सिग्नल फिका येतो म्हणून मी बायोटिन लावलेली दुय्यम अँटिबॉडी आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी वापरलं. काय सुंदर पट्टी आली! गाईडने विचारलं, ‘प्राथमिक अँटिबॉडीशिवायची लेन कुठाय?’ लावली, तर तिथेही तीच पट्टी. एसीसीला मुळातच बायोटिन जोडलेलं असतं; स्ट्रेप्टाव्हिडिन थेट त्यालाच चिकटत होतं. खाली १३० ला पायरुव्हेट कार्बॉक्सिलेजही हजर, तेही बायोटिनवालंच. तीन महिन्यांचे ब्लॉट गेले.

अँटिबॉडी वाईट नाही. एएमपीकेची खूण म्हणून मी ती आजही वापरते, शेजारी एकूण एसीसीचा ब्लॉट आणि एसीसी-१ नॉकडाउन केलेल्या पेशींची लेन ठेवून. मेदनिर्मितीबद्दल बोलायचं असेल तेव्हा मात्र कार्बन-१४ ॲसिटेट देते आणि त्यातलं किती मेदात गेलं ते मोजते.