‘कोणता चेंडू’ कळला म्हणजे ‘केव्हा मारायचा’ कळलं का?

२००४ साली एका प्रदर्शनीय सामन्यात सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंच हिने बेसबॉलचा नामवंत बॅटर अल्बर्ट पुहोल्स याला स्ट्राइक आउट केलं. बॅटर पिचरची हालचाल वाचूनच स्विंगची वेळ साधतो, याचा पुरावा म्हणून हा किस्सा सांगतात. आता जरा थांबा. पुहोल्ससमोर हात खालून येत होता, अंतर कमी होतं आणि चेंडूचा मार्गही वेगळा होता. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय नेमकं कुणाला देणार?

आधी गणित बघू. महिला सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं अंतर ४३ फूट. पिचर पुढे झेपावते, त्यामुळे चेंडू सुटतो साधारण ३७ फुटांवरून. ताशी ९६ किमी वेगाने तो ०.४२ सेकंदात पोचतो, ७२ किमीच्या चेंज-अपला ०.५६ लागतात. सगळा खेळ या ०.१४ सेकंदाचा.

प्रयोगशाळेत मात्र बऱ्याचदा चेंडू सुटताच व्हिडिओ थांबवतात आणि ‘कोणता चेंडू?’ एवढंच विचारतात. बॅटरने बरोबर बटण दाबलं, म्हणजे तिने चेंडू ओळखला. फटका वेळेवर बसला असता का, हे त्यातून कळत नाही.

मॅन, अॅबरनेथी आणि फॅरो यांचा २०१० चा क्रिकेटवरचा अभ्यास पुष्कळ पुढे जातो. तोंडी उत्तरापासून प्रत्यक्ष बॅटीपर्यंत प्रतिसाद खऱ्या खेळाच्या जवळ नेला, तसा कुशल आणि नवख्या फलंदाजांमधला फरक वाढला. पद्धत उत्तमच. पण तिथेही प्रश्न चेंडूच्या दिशेचा होता. तो निष्कर्ष जसाच्या तसा टायमिंगच्या प्रबंधात चिकटवू नका.

मग करायचं काय? पुढच्या पायाखाली फोर्स प्लेट, बॅटवर सेन्सर, पिचर तीच आणि वेग दोन. पाय दोन्ही वेळा एकाच क्षणी हलला, पण स्विंग वेगवेगळ्या क्षणी सुरू झाला, तर हालचालीवरून तयारी आणि चेंडू पाहून फटका, असं म्हणता येईल. चेंडू सुटण्याआधीच पायाची वेळ बदलली, तर पिचरच्या हालचालीत वेगाचा सुगावा आहे. काहीच बदललं नाही, तर बॅटर चेंज-अपला फसतेय.

पुढचा पेपर वाचताना निष्कर्षाआधी एवढंच बघा: खेळाडूला नेमकं करायला काय सांगितलं होतं, आणि मोजलं काय?